पैसे भरून उमेदवारी? शाळकरी मुलींच्या ऑनलाइन इंटर्नशिपविषयी

भाकऱ्या झाल्या असतील, धारा काढून झाल्या असतील, आता दहा-पंधरा मिनिटं आमच्यासाठी काढा. आजचा विषय जरा नवा आहे. नववी ते बारावीच्या मुलामुलींच्या मोबाईलवर हल्ली एक निरोप फिरतो. ‘घरबसल्या इंजिनिअरिंग रिसर्च इंटर्नशिप करा, मोठ्या प्राध्यापकांबरोबर संशोधन करा, स्वतःच्या नावाचा पेपर छापून मिळवा.’ खाली रॉकेटचं चित्र, रोबोटचं चित्र, आणि अगदी शेवटी बारीक अक्षरात फी. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी हा निरोप आला असणार. आमच्या गटात तर तो थेट कर्जाच्या अर्जासोबतच आला, म्हणून आम्हाला त्याच्या खोलात शिरावं लागलं.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. इंटर्नशिप म्हणजे आपली जुनी उमेदवारी. पोरगं सुताराच्या हाताखाली राहायचं, लोहाराचा भाता ओढायचं, गवंड्याला विटा द्यायचं आणि बघता बघता शिकायचं. संशोधनातली उमेदवारी तशीच. एखादा प्राध्यापक एका प्रश्नावर काम करत असतो. मुलगी त्याच्या हाताखाली त्यातला छोटा तुकडा उचलते, मोजमाप करते, नोंदी ठेवते, आकडे मांडते, चुकलं की पुन्हा करते. ऑनलाइन म्हणजे एवढंच की आठवड्याला भेट व्हिडिओवर होते. कोरोनाच्या काळात प्रयोगशाळांना कुलपं लागली तेव्हा ही पद्धत सगळीकडे रुजली. आणि खरं सांगायचं तर आपल्यासारख्यांना ती सोयीचीच. पुण्या-मुंबईत मुलीची राहायची सोय बघायला नको, एसटीचं भाडं नको. ज्या प्राध्यापकाचं दार आपल्याला कधी दिसलं नसतं, तो मोबाईलच्या पडद्यावर समोर बसतो. त्यामुळे ही गोष्ट मुळातच वाईट, असं आम्ही मुळीच म्हणणार नाही.

पण उमेदवारीत एक गोष्ट कधी ऐकली होती का? की उमेदवारानेच उस्तादाला हजारो रुपये मोजायचे?

आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी अकरावी सायन्सला होती. हुशार, विशेषतः गणितात. एप्रिलमध्ये तिला असा निरोप आला. सहा आठवड्यांची इंटर्नशिप, फी अठरा हजार रुपये. ताईने गटाकडे अर्ज टाकला. अर्ज वाचला तेव्हा बैठकीत दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो, मग पोरीच्या शिक्षणाला का नाही? काही म्हणाल्या, अठरा हजार म्हणजे निम्म्या गटाची वर्षाची बचत, आणि हातात काय पडणार? एक कागद. ताईच्या मनातलं मात्र वेगळंच होतं, ते तिने नंतर सांगितलं. घरात मुलीला बारावीनंतर पुढे शिकवायचं की स्थळं बघायची, यावर बोलणी सुरू झाली होती. मुलीच्या हातात एखादं मोठं सर्टिफिकेट आलं, तर सासऱ्यांचं तोंड बंद होईल, असं तिला वाटत होतं.

म्हणजे प्रश्न नुसता अठरा हजारांचा नव्हता. म्हणून आम्ही अर्ज बाजूला ठेवला नाही, आणि लगेच मंजूरही केला नाही. चौघी जणी बसलो, फोन स्पीकरवर टाकला आणि त्या कंपनीला विचारायला लागलो. मार्गदर्शक कोण? ‘आयआयटीचे आहेत.’ नाव सांगा, कॉलेजच्या वेबसाइटवर बघतो. ‘ते निवड झाल्यावर कळेल.’ एका मार्गदर्शकाकडे किती मुलं? बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून उत्तर आलं, दोनशे. मुलगी स्वतःच्या हाताने काय करणार? ‘रेकॉर्ड केलेली व्याख्यानं बघायची आणि शेवटी प्रोजेक्ट द्यायचा, नमुना आम्ही पाठवू.’ पेपर कुठे छापणार, छापण्याआधी तपासणार कोण? ‘आमच्याच जर्नलमध्ये.’ मध्येच सोडलं तर पैसे परत? नाही. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, जागा भरत आल्यात, आज रात्री बारापर्यंतच सवलत आहे.

बाई, साडीच्या सेलमध्येही आपण इतक्या घाईने पैसे काढत नाही.

दोनशे मुलांमागे एक माणूस असेल तर ती उमेदवारी नव्हे, ती शिकवणी झाली. शिकवणीला फी असते, त्यात काही गैर नाही. चांगली असेल आणि परवडत असेल तर जरूर लावा. फक्त तिला शिकवणी म्हणा, आणि शिकवणीच्याच भावाने घ्या.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजू नका. अमेरिकेत प्रोपब्लिका नावाच्या वृत्तसंस्थेने २०२३ साली यावर मोठा लेख छापला. तिथे शाळकरी मुलांना संशोधनपेपर करून देणाऱ्या ऑनलाइन कंपन्या अडीच हजारांपासून दहा हजार डॉलरपर्यंत फी घेतात, असं त्यात मांडलं होतं. आणि त्याच अमेरिकेत एमआयटी या नावाजलेल्या संस्थेत रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट नावाचा उन्हाळी कार्यक्रम होतो. तो १९८४ साली सुरू झाला. जगभरातून जेमतेम शंभर शाळकरी मुलं निवडतात, खऱ्या संशोधकाच्या हाताखाली देतात, आणि शिकवणीचे, राहण्या-जेवणाचे पैसे मुलांकडून घेत नाहीत. २०२० मध्ये कोरोनामुळे तो ऑनलाइन झाला. आम्ही यातून एवढं धरलं की चाळणी बारीक असते तिथे सहसा पैसे मागत नाहीत. चाळणीच नसते, तिथे फीचा आकडा मोठा असतो.

तिथल्या मुलांना अशा पेपरचा कॉलेजच्या प्रवेशात उपयोग होईल अशी आशा असते, कारण तिथे अर्जात मुलाने काय काय केलं ते बघतात. आपल्याकडे काय? महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटी किंवा जेईईच्या गुणांवर होतो. आयआयटीला जेईई अॅडव्हान्स्ड लागते. दहावीनंतर डिप्लोमाला दहावीचे गुण बघतात. या कुठल्याही यादीत इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटला एक गुणसुद्धा नाही. हे आम्ही ताईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली.

मग तिला दुसरीही गोष्ट सांगितली, आणि तुम्हीही ती नीट ऐका. २०२४-२५ पासून राज्य सरकारने मुलींसाठी निर्णय लागू केला आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असेल, तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आर्थिक मागास, ओबीसी वगैरे गटांतल्या मुलींना पूर्वी यात अर्धी सवलत होती, ती पूर्ण केली. इंजिनिअरिंग त्यात येतं. वसतिगृहाचा, जेवणाचा, पुस्तकांचा खर्च राहतोच, पण फीचा डोंगर हलतो. सासऱ्यांपुढे ठेवायला हा कागद त्या सर्टिफिकेटपेक्षा कितीतरी वजनदार. उत्पन्नाचा दाखला मात्र वेळेत काढून ठेवा. जून-जुलैत सेतू केंद्रापुढच्या रांगा तुम्हाला माहीत आहेत.

मुलगी मात्र रुसली. शहरातल्या मुली करतात, मीच का नाही, म्हणून दोन दिवस धड जेवली नाही. तिचंही चूक नव्हतं. तिला संशोधन करायचं होतं, ते खरंच करायचं होतं. आम्ही तिच्या फिजिक्सच्या मॅडमना गाठलं. मॅडम म्हणाल्या, आधी प्रश्न शोध, मार्गदर्शक मग शोधू. प्रश्न घरातच होता. कांद्याची चाळ. दरवर्षी रब्बीचा कांदा भरायचा आणि पावसाळ्यात निम्मा सडताना बघायचा. साठवणीच्या कांद्याला साधारण पंचवीस ते तीस अंश तापमान आणि पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता मानवते, असं पुस्तकात असतं. आपल्या चाळीत ती किती असते? वरच्या थरात किती, पोटात किती, रात्री किती, पाऊस पडून गेल्यावर किती? गावात कोणीच मोजलेलं नव्हतं.

शंभर-दीडशे रुपयांचा एक सेन्सर येतो, तापमान आणि आर्द्रता दोन्ही सांगतो. तो अर्डुइनो नावाच्या छोट्या सर्किट बोर्डाला जोडायचा. जोडणी कशी करायची ते ती आधी टिंकरकॅड नावाच्या मोफत वेबसाइटवर शिकली. तिथे पडद्यावरच तारा जोडता येतात, चुकलं तरी काही जळत नाही. प्रोग्राम लिहिण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे व्हिडिओ बघितले. तेही मोफत, दहा-दहा मिनिटांचे, आणि बरेचसे मराठीतही आहेत. एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात, हे आपल्या गावच्या रेंजला फार बरं.

तीन सेन्सर बसवले. पहिले पंधरा दिवस वाया गेले, कारण वरचा सेन्सर पत्र्याला टेकला होता, पत्रा तापला की आकडा भलताच वर जायचा. तो खाली घेतला, पुन्हा सुरुवात केली. दर तीन तासांनी वहीत नोंद. रात्री बाराची नोंद ताई स्वतः उठून करायची. वही बघाल तर आपल्या गटाच्या हिशेबवहीसारखीच, तारीख, वेळ, आकडा, शेरा, कुठे खाडाखोड नाही.

महिनाभराच्या नोंदी झाल्यावर मॅडमनी तिच्याकडून जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पाच प्राध्यापकांना ईमेल लिहून घेतली. मी कोण, काय मोजलं, कुठे अडलं, आणि सोबत वहीच्या दोन पानांचा फोटो. तिघांचं उत्तर आलंच नाही. एकाने शुभेच्छा दिल्या. एका सरांनी उत्तर दिलं, एकही पैसा न घेता. आता दर पंधरा दिवसांनी ते व्हिडिओवर अर्धा तास देतात. त्या वेळी मॅडम किंवा ताई सोबत बसते. आम्ही याला ऑनलाइन इंटर्नशिप म्हणतो, सर्टिफिकेट असो नसो. तिच्या नोंदींत असं दिसतंय की पावसात बाजूला लावलेलं बारदान पाऊस थांबल्यावरही तसंच राहिलं, तर चाळीच्या पोटातला दमटपणा उतरायला फार वेळ लागतो. सरांनी लगेच बजावलं, एका चाळीवरून काही ठरवू नको, आणखी दोन चाळी मोज. वडिलांनी मात्र तेवढ्यावरच दुपारी बारदान वर करायला सुरुवात केली आहे.

बाकीच्या संधींची थोडक्यात माहिती देतो. सहावीपासून पुढच्या मुलांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर-मानक योजना आहे. शाळेने मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या, निवड झाली तर दहा हजार रुपये मुलाच्या खात्यावर येतात. शाळेने पाठवलंच नाही तर मुलाला स्वतःहून काही करता येत नाही, म्हणून पालकसभेत मुख्याध्यापकांना विचारा. नववीसाठी इस्रोचा युविका कार्यक्रम आहे, २०१९ पासून. नोंदणी ऑनलाइन, पण दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहायचं, सगळा खर्च इस्रोचा, आणि निवडीत ग्रामीण शाळेतल्या मुलांना जास्तीचे गुण. आयआयटी मद्रासने अकरावी-बारावीसाठी शाळांमार्फत आठ आठवड्यांचे ऑनलाइन कोर्स काढले आहेत, डेटा सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स असे. ते कोर्स आहेत, इंटर्नशिप नव्हे, पण नाव आणि शिकवणारे दोन्ही खरे. तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर ती उघडी असते की कुलपात, तेही एकदा जाऊन बघा. आम्ही बघून आलो, अधिक बोलत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिची माहिती घेण्याआधी आईवडिलांची संमती घ्यावी, असं २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा सांगतो. फॉर्ममध्ये आधार, बँकखातं मागितलं तर का ते विचारा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. मार्गदर्शकाने मुलीशी रात्री-अपरात्री खासगी चॅट सुरू केलं, तर तो कितीही मोठा असला तरी तिथेच थांबवा. पैसे अडकले तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं.

आता त्या अर्जाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. गटाने अठरा हजार दिले नाहीत. बारा हजारांत एक जुना लॅपटॉप घेतला, गटाच्या नावावर. तो समाजमंदिरात कपाटात असतो, किल्ली सचिवांकडे. रोज संध्याकाळी पाच ते आठ आठवी ते बारावीच्या मुलींसाठी उघडा, वीज असली तर. वेळ आधी वहीत लिहून घ्यायची, एकीला पाऊण तास. सध्या सात मुली येतात. दोघींचं विहिरीच्या पाण्याची पातळी मोजायचं चाललंय, एकीला चुलीचा धूर मोजायचा आहे आणि त्याला सेन्सर कुठला लागतो ते ती शोधतेय. तुमच्या गावातल्या कोणाला माहीत असेल, कॉलेजातल्या कोणाला ती विद्या असेल, तर रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर कळवा, आम्ही तिच्यापर्यंत पोचवू.