कचरा पीथमपूरला, पाणी भोपाळलाच



जानेवारी २०२५ मध्ये युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून भोपाळहून पीथमपूरला आला, तेव्हा आपण इंदूरकर जागे झालो. धूर इकडे येईल का, यशवंत सागराचे काय होईल, ही काळजी रास्तच होती. जूनअखेर तो जाळून झाला. जाळताना चुना मिसळावा लागतो, त्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्याहून जड भरली आणि ती पुरायची कुठे यावर पुन्हा कोर्टकचेरी. पण आज आम्हाला बोलायचे आहे ते भोपाळातच राहिलेल्या विषाबद्दल.

आला तो फक्त आवारातून गोळा करून ठेवलेला कचरा. नागपूरच्या नीरीने आणि हैदराबादच्या एनजीआरआयने २०१० च्या सुमारास तिथल्या दूषित मातीचा अंदाज दिला तो ११ लाख टनांचा! वायुगळती १९८४ ची, पाण्याचे दुखणे त्याआधीचे. कारखान्याचे सांडपाणी १९७७ पासून उत्तरेकडच्या उघड्या तळ्यांत सोडत, घनकचरा आवारातच पुरत. दर पावसाळ्यात ते खाली झिरपत गेले. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने वस्त्यांना नळाचे पाणी मिळाले, ही मोठीच गोष्ट. भूजल मात्र तसेच.

पाणी उपसून कार्बनमधून गाळता येते. पण कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्मसारखी द्रव्ये पाण्याहून जड. ती खोल भेगांत बसतात, थोडीथोडी विरघळत राहतात. पंप थांबवला की पुन्हा तेच. म्हणून आधी माती. ती सगळी खणली, तर ११ लाख टन न्यायचे कोणाच्या गावाला? पीथमपूरने ३३७ टनांना केवढा विरोध केला, ते आपण पाहिले. आमच्या मते सर्वांत विषारी भागातली माती काढून तिथेच उपचार करावेत, बाकीची भिंत आणि झाकण घालून बंदिस्त करावी, उपसा वर्षानुवर्षे चालू ठेवावा. खर्च कोणी द्यायचा हा वाद चालेल तेवढा चालो, काम त्याच्यासाठी अडू नये.

आणि ठरवताना वस्तीतल्या बायकांना विचारा. कोणत्या हातपंपाला कधीपासून वास येतो, हे त्यांना पाठ असते.

दाराशी सह्यांची वही ठेवली आहे. मागण्या दोन : भोपाळच्या विहिरींचे तपासणी-निकाल वस्तीत हिंदी-उर्दूत लावावेत, आणि पीथमपूरच्या राखेच्या जागेभोवतीच्या बोअरिंगचे पाणी दर तीन महिन्यांनी तपासावे. आरतीआधी सही करून जावे.