स्टेजवरचा टॅब का तडतडतो?



आपल्या सेनगाव तालुक्यात गाण्याची निमित्तं वर्षभर सुरूच असतात. हरिनाम सप्ताह, गणपती, नवरात्र, उन्हाळ्यात १४ एप्रिलची जयंती आणि पुढं लग्नसराई. गोरेगावला जा, पुसेगावला जा, नाहीतर आजेगावला. भजनी मंडळ असतं, वामनदादा कर्डकांची गाणी म्हणणारी गायन पार्टी असते आणि वरातीपुढं बेंजो असतो. पूर्वी मिक्सरमध्ये जेवढा इको असेल तेवढ्यावर भागवावं लागायचं. आता एका टॅबवर इको, रिव्हर्ब, बेंजोसाठी गिटारसारखं डिस्टॉर्शन, मागं तानपुरा, वर कोरसचे सूर, असं सगळं एकदम चालवता येतं. कलाकारांनी टॅब जवळ केला तो यामुळंच.

आणि अडचणही यामुळंच येते. कार्यक्रम रंगात येतो, गायक वरच्या पट्टीत जातो, कोरस सुरू होतो आणि नेमकी त्याच वेळी बॉक्समधून तडतड ऐकू येते. साउंडवाला वायर हलवून बघतो, बेंजोवाला पिन काढून पुन्हा खोचतो, मागून कुणीतरी ओरडतं, "अरे, माइक बदला!" माइक बदलूनही तडतड जात नाही, कारण दोष माइकचा नसतो. टॅबच्या प्रोसेसरवर झेपेल त्यापेक्षा जास्त काम पडलेलं असतं. हा भार कमी कसा करायचा, ते आज बघू.

आधी रोग ओळखू. स्टेजवरच्या आवाजात मुख्यतः तीन प्रकारचे बिघाड होतात. सतत घूं असा आवाज येत असेल तर अर्थिंग किंवा चार्जर तपासा. गायक मोठ्यानं गायला की आवाज फाटतो आणि हळू गायला की साफ होतो, असं असेल तर गेन जास्त आहे, तो खाली घ्या. पण आवाज लहान असो की मोठा, मध्येच टक्‌ टक्‌ असे तुटक आवाज येत असतील आणि टॅबवरचे दोन-तीन इफेक्ट बंद केल्यावर ते थांबत असतील, तर तो प्रोसेसरचाच भार समजा. वायर बदलण्यात वेळ घालवू नका.

हा भार येतो कुठून? माइकमधला आवाज टॅबमध्ये शिरताना त्याचे आकडे होतात. साधारणपणे सेकंदाला ४८,००० आकडे. टॅब ते एकेक करून घेत नाही, त्यांच्या तुकड्या पाडतो. या तुकडीला बफर म्हणतात. समजा, बफर २५६ ठेवला, तर एका तुकडीत साधारण ५.३ मिलिसेकंदांचा आवाज येतो. तेवढ्याच वेळात टॅबला त्या तुकडीवरचे सगळे इफेक्ट पुरे करून ती बाहेर पाठवावी लागते. सेकंदाला सुमारे १८७ वेळा हे चालतं. एखाद्याही वेळी उशीर झाला की बाहेर जायला आवाजच नसतो, तिथं खंड पडतो, आणि तो खंड आपल्याला टक्‌ असा ऐकू येतो.

पंगतीतल्या वाढप्याचं असंच असतं. त्यानं पानात थोडंथोडं वाढलं तर त्याला सारख्या फेऱ्या माराव्या लागतात आणि एखादी फेरी चुकली की पान रिकामं दिसतं. एकदम जास्त वाढलं तर त्याला उसंत मिळते, पण पंगतीतल्या शेवटच्या माणसाला थांबावं लागतं. बफर मोठा केला की प्रोसेसरला उसंत मिळते, मात्र आवाज उशिरा बाहेर पडतो.

उशीर किती चालतो? आवाजाला हवेतून एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे पखवाजापासून चार मीटरवर उभ्या असलेल्या टाळकऱ्याला प्रत्येक थाप १२ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतेच, तरी त्याचा ताल सुटत नाही. टॅबमधून आत-बाहेर व्हायला एवढाच वेळ लागला तर वाजवणाऱ्याला काही खटकत नाही. उशीर २५-३० मिलिसेकंदांच्या वर गेला की बेंजोवाल्याला आपली बोटं आणि आवाज यांत अंतर जाणवायला लागतं. म्हणून वाद्य टॅबमधून जात असेल तर बफर १२८ किंवा २५६ ठेवावा. ६४ वर नेण्याची हौस करू नये. तिथं सेकंदाला ७५० वेळा काम पुरं करावं लागतं आणि ऐकणाऱ्याला त्याचा काही फायदा नसतो. ब्लूटूथ स्पीकर तर स्टेजवर आणूच नका, त्यातला उशीर १०० मिलिसेकंदांच्या पुढं सहज जातो.

आता एक जोडणी सांगतो. पुष्कळ पार्ट्या गायकाचा माइक थेट टॅबला जोडतात आणि टॅबमधून निघालेला आवाज मिक्सरला देतात. तसं करू नका. गायकाचा माइक मिक्सरलाच लावा. मिक्सरवर ऑक्स किंवा एफएक्स सेंड लिहिलेलं भोक असतं, तिथून वायर टॅबच्या इंटरफेसला, म्हणजे आवाज टॅबच्या आत-बाहेर नेणाऱ्या पेटीला, द्या आणि टॅबचा आवाज मिक्सरच्या मोकळ्या चॅनलवर परत घ्या. त्या परतीच्या चॅनलचं ऑक्सचं बटण मात्र शून्यावर हवं, नाहीतर आवाज गोल फिरून शिट्टी मारेल. टॅबमधल्या रिव्हर्बला सांगायचं, मूळ आवाज देऊ नकोस, फक्त इको दे. ॲपमध्ये ते बटण वेट किंवा मिक्स या नावानं असतं, ते १०० टक्क्यांवर ठेवायचं.

यानं दोन फायदे होतात. टॅब अडला, बंद पडला, तरी गायकाचा आवाज चालू राहतो, फक्त इको जातो. दुसरा फायदा प्रोसेसरचा. मूळ आवाज टॅबमधून जातच नसल्यामुळं टॅबचा उशीर गायकाला जाणवत नाही. इको २०-२५ मिलिसेकंद उशिरा आला तर बिघडत नाही. मोठ्या स्टुडिओत शब्द स्वच्छ ऐकू यावेत म्हणून रिव्हर्ब मुद्दाम तेवढा उशिरा सुरू करतात. त्यामुळं इथं बफर खुशाल ५१२ ठेवा. तोच टॅब, तीच गाणी, आणि भार एकदम उतरतो. बेंजोही त्याच टॅबमधून जात असेल तर मात्र बफर लहानच ठेवावा लागतो. अशा वेळी बेंजोला जुनं पेडल द्यावं आणि टॅब फक्त इकोला ठेवावा, हे जास्त शहाणपणाचं.

पुढचा प्रश्न, कोणता इफेक्ट किती खातो? इक्वलायझर, कम्प्रेसर आणि साधा डिले हे कमी खाणारे. रिव्हर्बमध्ये मात्र दोन जाती आहेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये मॅनफ्रेड श्रोडर यांनी थोड्याशा डिलेंची जुळणी करून खोलीसारखा घुमारा तयार केला. त्या वळणाचे रिव्हर्ब आजही हलके असतात. दुसरी जात कन्व्होल्यूशनची. एखाद्या खऱ्या सभागृहात टाळी वाजवून तिचा घुमारा ध्वनिमुद्रित करतात आणि आपल्या आवाजाचा प्रत्येक आकडा त्याच्याशी गुणतात. दोन सेकंदांच्या घुमाऱ्यात ९६,००० आकडे असतात. गणिताच्या युक्त्या वापरून हे काम आटोक्यात आणतात, तरी ते जडच राहतं. घरी हेडफोनवर हा रिव्हर्ब सुंदर लागतो. मांडवातल्या हॉर्नवर दोन्हींतला फरक शेवटच्या रांगेत कुणालाही कळत नाही.

बेंजोसाठी गिटारच्या ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची हुबेहूब नक्कल करणारी ॲपं आणि सूर आपोआप दुरुस्त करणारी ॲपं, हीसुद्धा खादाड मंडळी. त्यांच्या सेटिंगमध्ये ओव्हरसॅम्पलिंग किंवा हाय क्वालिटी असं बटण असेल तर कार्यक्रमात ते खाली आणा. तानपुरा आणि कोरसचे सूर टॅबला जागच्या जागी तयार करायला लावू नका. घरीच ध्वनिमुद्रित करून त्यांची फाइल वाजवा; तयार फाइल वाजवणं हे प्रोसेसरला अगदी किरकोळ काम आहे. आणि पाच माइकना पाच रिव्हर्ब लावायचे नाहीत. एकच रिव्हर्ब ठेवायचा आणि पाचही माइक थोडेथोडे त्यात सोडायचे. काम एक पंचमांश होतं, शिवाय सगळे एकाच जागेत गात असल्यासारखं वाटतं.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला होणारे आवाजाचे आकडे, ९६,००० वर असेल तर ४८,००० करा, भार जवळपास निम्मा होतो. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि ४८,००० मध्ये ते सगळं मावतं. टॅबच्या खोक्यावर प्रोसेसरचे आठ कोअर, म्हणजे काम करणारे आठ भाग, लिहिलेले असतात, त्यावर फार विसंबू नका. एका माइकचे इफेक्ट एकापाठोपाठ करावे लागतात, त्यामुळं तो सगळा भार बहुतेक वेळा एकाच कोअरवर येतो. बाकीचे सात असून नसल्यासारखे.

आता जागेचा विचार. सेनगावच्या मोकळ्या मैदानात आवाज परतून येत नाही, गाणं कोरडं लागतं. तिथं रिव्हर्बला काम आहे. औंढा नागनाथासारख्या दगडी मंदिराच्या सभामंडपात भजन असेल तर दगडच आवाज परत देतो. तिथं वरून इको टाकला तर शब्द एकमेकांत मिसळतात, अभंग कोणता चाललाय तेही कळत नाही. म्हणजे आवाजही बिघडतो आणि टॅबही फुकट राबतो. तिथं रिव्हर्ब सरळ बंद ठेवा.

आता ऊन. ॲपल कंपनी आयपॅडसाठी भोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश सांगते. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. टॅब तापला की स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग आपणहून कमी करतो. सकाळी तालमीत नीट चाललेला तोच सेट दुपारच्या मिरवणुकीत का तडतडतो, त्याचं कारण हे असतं. टॅबचं जाड कव्हर काढा, स्क्रीनचा उजेड कमी करा, तो ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका, सावलीत ठेवा आणि छोटा पंखा लावा. बर्फ लावू नका, आत पाणी धरतं. चार्जिंगनंही टॅब तापतो, म्हणून शक्यतो बॅटरी भरून न्या. बॅटरी वाचवणारा लो पॉवर मोड मात्र बंदच हवा, कारण तो प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी करतो.

कार्यक्रमाआधी टॅब एअरप्लेन मोडवर टाका. त्यामुळं निरोप आणि अपडेट मध्ये येत नाहीत. बाकीची ॲपं बंद करा. आवाजाच्या नाचत्या रेषा दाखवणाऱ्या खिडक्याही मिटा, त्यांनाही प्रोसेसर लागतो.

शेवटी तालीम. बहुतेक ॲपमध्ये प्रोसेसरचा भार दाखवणारा, डीएसपी किंवा सीपीयू नावाचा मीटर असतो. आयपॅडवरच्या एयूएम या मिक्सर ॲपमध्ये तो दिसतो. सगळ्यांत भरगच्च गाणं निवडा, सगळे माइक, सगळे इफेक्ट चालू करा आणि अर्धा तास वाजवत राहा. मीटर सरासरी किती दाखवतो ते सोडा, जास्तीत जास्त कुठं चढतो ते बघा. तो दोन तृतीयांशाच्या वर जात असेल तर एक इफेक्ट काढा आणि पुन्हा वाजवून बघा. इफेक्ट बदलतानाच भार उसळतो, म्हणून चालू गाण्यात नवा इफेक्ट उघडू नका. दोन गाण्यांच्या मधल्या निवेदनात तो बदल करून घ्या.

भजनी मंडळं, गायन पार्ट्या, बेंजो पार्ट्या आणि साउंडवाले मित्रांनो, महागडा टॅब घेण्याआधी एवढं करून बघा. एकानं मांडवाच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभं राहावं आणि दुसऱ्यानं स्टेजवर एकेक इफेक्ट बंद करावा. जो बंद केल्याचं मागं कळतच नाही, तो काढून टाकावा. बहुतेकांचं काम आहे त्याच टॅबवर भागेल.