रोजकीर्द आणि रोजची प्रार्थना

(रुग्णालयाच्या वार्षिक कृतज्ञता उपासनेच्या प्रसंगी प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. धर्मोपदेश करण्याचा अधिकार आपल्या पाळकसाहेबांचा. माझा अधिकार हिशेबाच्या वह्यांपुरता. म्हणून आजचा विषय मी वहीपासूनच आरंभितो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या वृद्ध हिशेबनिसांनी मला एक नियम घालून दिला. रोजकीर्द त्याच दिवशी लिहावयाची आणि सायंकाळी रोख शिल्लक मोजूनच घरी जावयाचे. आठ दिवसांची कीर्द एकदम लिहावयास बसलेल्या माणसाला रकमा आठवतात, पण त्या कोणाच्या व कशासाठी होत्या हे आठवत नाही. हा नियम मी तीस वर्षे कसोशीने पाळला. स्वतःच्या प्रार्थनेच्या बाबतीत मात्र तो पाळला नाही, हे आज आपल्यासमोर कबूल करावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी पैठण तालुक्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा सर्पदंशाने अत्यवस्थ होऊन आपल्याकडे दाखल झाला. निर्धन रुग्ण निधीतून सवलत देण्याच्या कागदपत्रांसाठी मी रात्री अतिदक्षता विभागाबाहेर गेलो होतो. कागदावर अंगठा उठविल्यावर ते गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, तुम्ही इथं रोज सकाळी प्रार्थना करता म्हणे. माझ्या पोरासाठी दोन शब्द सांगा की तुमच्या देवाला."

मी डोळे मिटले. उपासनेत वर्षानुवर्षे ऐकलेली भारदस्त वाक्ये ओठांवर आली, पण त्यांत ना तो मुलगा होता, ना त्याचा बाप. कित्येक महिने मी एकांतात प्रार्थना केलीच नव्हती. सकाळच्या उपासनेला मी हजर असे. परंतु मन त्या दिवसाच्या बिलांत गुंतलेले असे. दोन वाक्यांनंतर मी थांबलो. तेव्हा वॉर्डातील मावशी पुढे आल्या. त्या म्हणाल्या, "प्रभू, हे लेकरू तुझंच आहे. त्याला सांभाळ. डॉक्टरांच्या हाताला यश दे. आणि या दादांना एकटं सोडू नको." एवढेच.

तो मुलगा तिसऱ्या दिवशी गेला. हे मी लपवीत नाही. कारण प्रार्थना म्हणजे इकडे भरणा केला की तिकडे पावती मिळते असा व्यवहार नव्हे. मृत्यूच्या दाखल्यासाठी ते गृहस्थ पुन्हा आले, तेव्हा त्यांनी मावशींची चौकशी केली, त्यांच्याजवळ बाकावर बराच वेळ बसले आणि मग गावी गेले. माझ्या कार्यालयात ते केवळ सहीसाठी आले होते.

मावशींजवळ ते शब्द कोठून आले, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या रोज पहाटे आपल्या मुलाबाळांची, शेजाऱ्यांची, वॉर्डातील रुग्णांची नावे घेऊन देवाशी बोलत असत. संकटाच्या रात्री त्यांना नवे काही शोधावे लागले नाही.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती जीवनात याचे मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली व स्त्रियांना त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदनात आश्रय दिला. इतक्या जणींच्या जेवणाची चिंता असतानाही जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोजच्या प्रार्थनेसाठी स्वेच्छेने एकत्र येण्याचे आवाहन केले, तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या; पुढे ही संख्या वाढत गेली. तेथे छापखाना, विणकाम, शेती ही कामेही चालत. प्रार्थनेमुळे काम थांबले नाही आणि कामामुळे प्रार्थना थांबली नाही.

दुसरे स्मरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर १९१९ मध्ये देहावसान होईपर्यंत त्यांनी अभंग, भजन व कीर्तन या आपल्या मातीतल्या रूपांत ख्रिस्तभक्ती गायिली. देवाशी घरच्या भाषेत बोलता येते, हा धीर मराठी मंडळीला त्यांनी दिला. मावशींची प्रार्थना त्याच घरच्या भाषेतली होती. माझी मात्र सभेतल्या भाषेची होती.

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत वर्षभराच्या धान्याची मागणी नाही. त्या त्या दिवसाच्या भाकरीची आहे. अरण्यात इस्राएल लोकांना मिळालेला मान्नाही रोज वेचावा लागे. लोभाने उद्यासाठी ठेवलेला नासून जाई. माझी रोजकीर्दीची उपमा येथे अपुरी पडते. वहीत कालची शिल्लक आज पुढे ओढता येते, प्रार्थनेत ती ओढता येत नाही.

त्या प्रसंगापासून मी एक साधा क्रम ठेवला आहे. सकाळी कार्यालयात आल्यावर संगणक सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे. प्रथम उपकार मानणे, नंतर कालची चूक कबूल करणे, मग नव्याने दाखल झालेल्या रुग्णांची यादी समोर घेऊन एकेक नाव देवासमोर ठेवणे. कित्येकदा मन भरकटते. काही दिवस शब्दच सुचत नाहीत. तरी मी बसतो. त्या यादीत हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती सर्व असतात. रुग्णाला मागितल्याशिवाय प्रार्थना ऐकविली जात नाही. पण त्याच्यासाठी ती करण्याची मोकळीक आपल्याला आहे. या क्रमाने माझ्यात एवढाच फरक पडला, की सवलतीचा अर्ज टेबलावर आला म्हणजे आकड्याआधी नाव दिसते.

देणगीदार बंधूंनो, आपल्या पैशाचा हिशेब या अहवालात पै-पैशाने दिला आहे व लेखापरीक्षकांनी तो तपासला आहे. प्रार्थनेचा हिशेब कोणी लेखापरीक्षक तपासू शकत नाही. म्हणूनच तो रोजच्या रोज, ज्याचा त्याने, देवासमोर बसून पाहिला पाहिजे.

त्या रात्री मी अपुरा पडलो, याची खंत मला आजही आहे. उद्या एखादा बाप तेच मागणे घेऊन आपल्यापैकी कोणाच्याही दारी उभा राहील, तेव्हा त्याला रिक्तहस्त परत पाठवावे लागू नये, एवढी तयारी आपण सर्वांनी आज सकाळपासूनच करावी, ही नम्र विनंती करून मी माझे दोन शब्द संपवितो.