पांखरांची खानेसुमारी

माणसांची खानेसुमारी सरकार करितें. तिच्यासाठीं कायदा आहे, नोकर आहेत, पैसा आहे. पांखरें आणि कीटक यांची गणना मात्र अनेक देशांत हौशी माणसांच्या खांद्यावर उभी आहे. अमेरिकेंत नाताळच्या दिवशीं बंदुका घेऊन निघावयाचें आणि अधिक पांखरें मारील तो पक्ष विजयी समजावयाचा, असा एक खेळ असे. पक्षिशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमन यांनीं १९०० सालीं सुचविलें, कीं त्या दिवशीं पांखरें मारूं नयेत, मोजावीं. त्या वर्षीं २७ जणांनीं २५ ठिकाणीं मोजणी केली. ती प्रथा आजही चालू आहे.

तथापि मोजणी म्हणजे दिसेल तें टिपणें नव्हे. तिचें सारें बळ नियमांत आहे. ब्रिटनमध्यें १९७६ सालीं सुरू झालेल्या फुलपाखरांच्या गणनेंत स्वयंसेवक ठरलेल्या वाटेनें, एप्रिल ते सप्टेंबर, दर आठवड्यास एकदां सावकाश चालतो आणि पांच मीटर रुंदीच्या पट्ट्यांत दिसलेलीं फुलपाखरेंच मोजतो. थंड किंवा पावसाळी हवेंत तो निघत नाहीं. वाट बदलली, तर वाटेंतला फरक फुलपाखरांतला फरक म्हणून वहींत शिरेल, हें यामागील कारण.

अशा चिकाटीचें फळ जर्मनींत दिसून आलें. क्रेफेल्ड येथील हौशी कीटक-अभ्यासकांच्या मंडळानें १९८९ ते २०१६ या काळांत ६३ संरक्षित ठिकाणीं एकाच प्रकारचे, तंबूच्या आकाराचे सापळे लावून त्यांत सांपडलेल्या उडत्या किड्यांचें वजन केलें. २०१७ सालीं तीं टिपणें एकत्र मांडलीं गेलीं, तेव्हां तें वजन २७ वर्षांत तीन-चतुर्थांशांहून अधिक घटल्याचें उघड झालें. किडा कमी झाला म्हणून सहसा कोणी हळहळत नाहीं. पण किड्यांवर पिलें पोसणारीं पांखरें आणि त्यांच्याकडून परागण करून घेणारीं झाडें यांचें भवितव्य त्या वजनाशींच बांधलेलें आहे.

भारतांतील अनुभवही तितकाच बोधप्रद आहे. चिमणी नाहींशी झाली, हें वाक्य शहरांत पुष्कळांच्या तोंडीं असतें. साडेपंधरा हजार पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० सालीं देशांतील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. मुंबईसारख्या महानगरांत चिमणी घटली असली, तरी देशांत एकंदरींत तिची संख्या सुमारें २५ वर्षें जवळजवळ स्थिर असल्याचें त्यांत आढळलें. शहरवासीयानें आपल्या अंगणांत पाहिलें तें खोटें नव्हतें. परंतु तें अंगण म्हणजे सारा देश नव्हे. याच्या उलट नीलकंठ ऊर्फ नीलपंख याची गोष्ट. विजयादशमीस ज्याचें दर्शन शुभ मानितात, तो हा पक्षी तारेवर सहज दिसतो. म्हणून त्याच्याविषयीं चिमणीसारखी हाकाटी झाली नाहीं. तो मात्र बारा वर्षांत सुमारें ३० टक्के घटल्याचें २०२३ च्या अहवालानें दाखविलें. स्मरणशक्ति अशी दोन्हीकडून चकविते.

त्या अहवालांत ९४२ जातींचा विचार झाला. पण दीर्घ काळाचा कल ठरवितां आला तो अवघ्या ३३८ जातींचा. त्यांपैकीं २०४ घटल्या आहेत. उरलेल्या सुमारें सहाशें जातींचा तसा निर्णय देण्यास नोंदी पुरल्या नाहींत.

हें न्यून खेड्यापाड्यांतील माणूस भरून काढूं शकतो. दर वर्षीं फेब्रुवारींत होणाऱ्या आणि भारतांत २०१३ पासून चालू असलेल्या पक्षिगणनेंत पंधरा मिनिटें पाहून ओळखलेल्या सर्व पांखरांची यादी दिली, तरी ती उपयोगी पडते. तींत दुर्मिळ पांखराबरोबर कावळा आणि साळुंकीही लिहावी. कारण जें विपुल आहे तें मोजून ठेवलें, तरच तें उणें झाल्याचें पुढें कळतें. गेल्या वर्षीं राहिलेली मोजणी यंदां करतां येत नाहीं.