दलालपेढीत पडून राहिलेली रक्कम आणि तिचे व्याज



व्यापारी घराण्यांतील जुन्या वह्यांमध्ये कटमितीच्या व्याजाचे हिशेब आढळतात. जमेच्या रकमेवर ती जमा झाल्या दिवसापासून, नावेच्या रकमेवर ती दिल्या दिवसापासून व्याज काढावयाचे आणि एकातून दुसरे वजा करून उरेल ते खात्यावर ओढावयाचे, अशी ती रीत होती. दिवसांची मोजणी दोन्ही पक्षांना सारखीच लागू असे.

शेअर दलालाकडील खात्यात हा सारखेपणा नाही. ग्राहकाकडून येणे राहिले की पेढी विलंबाचे व्याज आकारते. अनेक ठिकाणी ते वर्षाला 18 टक्क्यांपर्यंत जाते. उलटपक्षी ग्राहकाची रक्कम पेढीकडे शिल्लक असली तर तिच्यावर त्याला एक पैसाही मिळत नाही.

फुलसावंगी परिसरात कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीनंतर हाती येतो आणि जूनच्या पेरणीपर्यंत त्याचा काही भाग मोकळा राहतो. समजा, एखाद्या कुटुंबाने भाव उतरल्यावर शेअर घेऊ म्हणून 2,40,000 रुपये दलालाच्या खात्यात पाठविले आणि चार महिने खरेदीच झाली नाही. बँकेच्या बचत खात्यात अडीच टक्क्यांनी त्यावर सुमारे 2,000 रुपये झाले असते. 1 एप्रिल 2010 पासून बचत खात्याचे व्याज दररोजच्या शिलकीवर मोजले जाते, त्यामुळे तेथे मधला एक दिवसही वाया जात नाही.

ग्राहकांच्या पैशावर पेढ्यांनी मुदत ठेवी करून त्यांचे व्याज स्वतःकडे ठेवावे, ही जुनीच वहिवाट. सेबीने तिला हळूहळू आवर घातला. डिसेंबर 2009 च्या परिपत्रकाने शिल्लक रक्कम ग्राहकाच्या पसंतीप्रमाणे महिन्याला किंवा तिमाहीला परत करणे बंधनकारक केले. 2023 मध्ये ग्राहकांचा पैसा दिवसअखेर पेढीने स्वतःजवळ न ठेवता क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे पोहोचविण्याचा नियम आला. यामुळे रक्कम अधिक सुरक्षित झाली, हे मान्य केलेच पाहिजे. व्याजाचा प्रश्न मात्र तेथेच राहिला. आणि तिमाहीला बँकेत परतलेली रक्कम दुसऱ्याच दिवशी पुन्हा दलालाकडे पाठविणारे ग्राहकही काही थोडे नाहीत!

यावरचा खरा उपाय रक्कम बँकेतून हलवूच नये, हा होय. नव्या शेअर विक्रीच्या अर्जांसाठी अस्बा पद्धत 2008 मध्ये आली आणि 1 जानेवारी 2016 पासून ती सर्वांना सक्तीची झाली. अर्जाची रक्कम स्वतःच्याच खात्यात रोखून ठेवली जाते आणि शेअर मिळेपर्यंत तिचे व्याज खातेदाराचेच राहते. तीच सोय बाजारातील रोजच्या रोखीच्या खरेदीसाठी 1 जानेवारी 2024 पासून यूपीआयच्या मार्गाने खुली झाली. मोठ्या, ‘पात्र’ ठरविलेल्या दलालपेढ्यांना 1 फेब्रुवारी 2025 पासून ती सोय, अथवा बँक, डिमॅट व व्यवहार अशी तिन्ही खाती जोडलेली सोय, देणे बंधनकारक आहे. आपल्या पेढीकडे यांपैकी काय आहे, हे ग्राहकाने विचारूनच घ्यावे.

काही आठवडे थांबावयाचे असेल तर लिक्विड फंडाचा विचार करता येतो. हे फंड 91 दिवसांपर्यंतच्या मुदतीच्या रोख्यांत पैसा गुंतवितात. त्यांचा परतावा बहुधा बचत खात्याहून अधिक असतो, पण त्याची हमी नसते. पहिल्या सहा दिवसांत पैसे काढल्यास अल्पशी वजावटही होते. बँक ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण येथे नाही. दलालाकडील शिलकीवर ठरावीक परतावा देण्याचे आमिष कोणी दाखविले, तर ते नियमबाह्य आहे असे समजून तेथून दूर राहावे.

हे सर्व विवेचन घरच्या पैशापुरते आहे. धर्मादाय संस्थेच्या निधीला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम 35 लागू होते. तेथे गुंतवणुकीची ठिकाणे कायद्याने आखून दिलेली आहेत आणि विश्वस्तांना त्यांबाहेर परस्पर जाता येत नाही.