कानांत शिरलेलें पाणी

नागपूरच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर चढतो आणि मुलें पोहण्याच्या तलावाकडे धांव घेतात. घरीं परतल्यावर 'कानाला दडे बसले' अशी तक्रार येते, आणि मोठ्यांचा हात काडीकडे किंवा तेलाच्या वाटीकडे वळतो. तो हात थांबवावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

बाहेरील कानाची नळी मोठ्या माणसांत सुमारें अडीच सेंटिमीटर लांब व किंचित् वांकडी असते. तिच्या टोंकाशीं असलेला पडदा शाबूत असेल, तर पाणी त्यापलीकडे जात नाहीं. तें डोक्यांत उतरण्याची भीति व्यर्थ होय. नळींतील मळ ही केवळ घाण नव्हे. त्याचा स्निग्ध लेप त्वचेचें रक्षण करतो. काडीनें तो लेप खरवडला जातो, ओली त्वचा सोलली जाते आणि तेथेंच जंतु शिरतात.

उपाय साधा आहे. दडा बसलेला कान खालीं येईल अशी मान कलती करावी आणि कान हलकेच वर व मागें ओढावा. लहान मुलाचा खालीं व मागें. नळी सरळ होते व पाणी आपोआप ओघळतें. नंतर त्याच कुशीवर थोडा वेळ निजावें.

एकदोन दिवसांत दडा न सुटल्यास, किंवा कान ठणकूं वा वाहूं लागल्यास, डॉक्टरांकडे जावें. पडद्याला पूर्वींचें छिद्र असल्यास त्यांना विचारल्याविना कानांत थेंबही घालूं नये.

वर्गांत उत्तर न देणारें मूल आपण दुर्लक्षी ठरवितों. कधीं कधीं त्याला प्रश्नच ऐकूं आलेला नसतो.