औषधाचा माग किती दिवस राहतो?



कुस्ती असो, कबड्डी असो,
खेळाडूची उत्तेजक चाचणी कधीही होऊ शकते.
मग घरचे विचारतात,
औषध अंगात किती दिवस राहतं?

याचं एकच उत्तर नाही.
औषध कोणतं, किती आणि किती काळ घेतलं,
त्यावर ते ठरतं.

रक्तातून बहुतेक औषधांचा माग लवकर जातो.
लघवीत तो जास्त टिकतो,
बहुधा काही दिवस.

गांजाचं वेगळं आहे.
त्याचा अंश चरबीत साठतो.
हळूहळू बाहेर पडतो.
रोज घेणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडेही सापडतो.

आणि नॅन्ड्रोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन?
त्याचा माग कित्येक महिने सापडू शकतो.
व्यायामशाळेत 'ताकदीचं इंजेक्शन' देणारा
हे पोरांना सांगत नाही.
याचीच मला फार काळजी वाटते.

पुन्हा सांगते,
सगळ्या औषधांना एकच मुदत नाही.
भरपूर पाणी पिऊनही सुटका नाही.
नमुना फार पातळ आला, तर दुसरा मागतात.

सर्दीची गोळी घेतानाही
डॉक्टरांना आधी सांगा, मी खेळाडू आहे.
उपचारासाठी बंदी असलेलं औषधच लागत असेल,
तर 'नाडा'कडे,
म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे,
परवानगीचा अर्ज करता येतो.